उघड्या दाराचे घर

दिवाळीचे चार दिवस घर माणसांनी भरलेले असावे, असे कोणाला वाटत नाही? माहेरवाशिणी येतात, त्यांची मुले येतात, न्हाणीघरापुढे रांग लागते, रात्री ओसरीपासून माजघरापर्यंत सतरंज्या अंथरल्या जातात. कोणाचा टॉवेल कोणी घेतला आणि कोणाच्या वाट्याचे अनारसे कोणी संपवले याचा पत्ता लागत नाही, आणि तो लागू नये यातच गोडी असते. भाऊबीज झाली की गाड्या सुटतात, घर ओकेबोके होते आणि गृहिणी भिंतीला टेकून पाच मिनिटे बसते. त्या पाच मिनिटांत तिला पाहुणे गेल्याचे वाईटही वाटते आणि बरेही वाटते.

आता अशी कल्पना करा, की ही दिवाळी भाऊबीजेला संपलीच नाही. पंगत उद्याही आहे, परवाही आहे आणि पुढच्या वीस वर्षांतही आहे. आलेली माणसे रक्ताच्या नात्याची नाहीत. ती शिकायला, देवाविषयी विचारायला किंवा केवळ आसरा मागायला आली आहेत. घरच्या मुलांनी आईला हाक मारावी तर आणखी पन्नास मुली वळून पाहतात, कारण तीही त्यांची आईच! ज्यांनी आपल्या धर्मश्रद्धेपायी असे घर मांडले, त्यांच्या घरातल्या घरात काय घडत होते, हा प्रश्न मला फार दिवस सतावतो आहे. संस्थांचे इतिहास पुष्कळ आहेत. त्यांत इमारती असतात, देणग्या असतात, विद्यार्थ्यांची संख्या असते. घर मात्र क्वचित असते.

आम्हा वऱ्हाडकरांना गुरूभोवती गोळा झालेल्या माणसांचे कौतुक नवे नाही. आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंचे वास्तव्य होते, आणि तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथेच लीळाचरित्राची जुळवाजुळव केली. त्या ग्रंथात ज्ञानाच्या गोष्टी आहेत, तशी कोणी काय रांधले, कोण कुठे निजले, कोण कोणावर रुसले याचीही नोंद आहे. एकत्र राहणाऱ्या माणसांचे इतके बारकावे टिपणारे दुसरे पुस्तक आपल्याकडे विरळा. पण ती मंडळी संसार सोडून आलेली होती. मठात येणाऱ्याने घर मागे ठेवायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. उलट ज्या जुन्या गुरुकुलांच्या कथा आपण ऐकतो, तिथे गुरूचा संसार असे आणि शिष्य त्या संसारातच राहत. त्या कथांत गुरूचे नाव असते, शिष्याचे असते. एवढ्या जणांचे रोज करून घालणाऱ्या गुरुपत्नीचे नाव बहुतेक वेळा नसते.

माझी आई या नाव नसलेल्यांपैकीच एक होती. मेळघाटच्या पायथ्याच्या खेड्यांतून अचलपूरला शिकायला येणारी मुले आमच्याकडे वार लावून जेवत. आठवड्याचे सात वार आणि जेवणारी मुले नऊ, तेव्हा एखाद्या वारी दोघेतिघे असायचे. शेजारणींनी विचारले तर आई म्हणे, “माह्या दोन लेकरायसंगं दोन आनखी. भाकर थापाले हात थोडेच वेगळे लागते?” हात वेगळे लागत नसत, पण पीठ लागे, सरपण लागे, आणि आम्हा दोघा भावंडांना आईशी बोलायला मिळणारी संध्याकाळ त्यात खर्ची पडे. हे सांगितले ते केवळ माप म्हणून. दोन-तीन मुलांना जेथे एवढे लागे, तेथे शेकडो मुलींना काय लागले असेल?

असे घर ज्यांनी मांडले त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव महाराष्ट्रात सर्वांच्या आधी येते. पण त्यांच्या घराची गोष्ट सुरू होते ती त्यांच्या जन्मापूर्वी, एका कट्टर वैदिक ब्राह्मणाच्या रानातल्या झोपडीत.

*

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुण्याला शिकत असताना त्यांच्या गुरूंना पेशव्यांच्या वाड्यात जावे लागे. दुसऱ्या बाजीरावाच्या राणीला ते संस्कृत शिकवीत. बायकांच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकून तरुण अनंतशास्त्र्यांनी मनाशी ठरवले, की आपल्या बायकोलाही शिकवायचे. पहिल्या बायकोच्या वेळी हे साधले नाही. पुढे चाळिशी उलटल्यावर गोदावरीच्या घाटावर त्यांना नऊ वर्षांची लक्ष्मी मिळाली, आणि तिला त्यांनी शिकवायला घेतले. स्त्रीला देवभाषा शिकवणारा हा शास्त्री कोण, म्हणून गावात गहजब झाला. तेव्हा त्यांनी गाव सोडले आणि सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे घर बांधले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

रानातल्या या घराचा लौकिक पसरला. विद्यार्थी येऊन राहू लागले, यात्रेकरू वाट वाकडी करून येऊ लागले. आलेल्याला जेवू घालायचे, शिकवायचे आणि मोबदला घ्यायचा नाही, हा शास्त्रीबुवांचा नेम. या नेमाने घराची पुंजी संपली. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. ही तान्ही मुलगी वेताच्या पेटीत घालून गड्याच्या डोक्यावरून रान उतरली. त्यानंतरची त्या कुटुंबाची वर्षे देवळांतून पुराणे सांगण्यात, मिळेल त्या दक्षिणेवर गेली.

या भटकंतीत रमाबाईंना शिकवले ते त्यांच्या आईने. दिवसभर लक्ष्मीबाईंच्या मागे कामाचा रगाडा असे. म्हणून पहाटे, उजाडण्यापूर्वी, त्या मुलीला जागे करून पाठ देत. दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता आणि तो त्यांनी मुलीला दिला. १८७४ साली दुष्काळात आधी वडील आणि पाठोपाठ आई गेली. पुढे रमाबाईंनी अमेरिकेत इंग्रजी पुस्तक लिहिले, तेव्हा ते त्यांनी आईच्या स्मृतीला अर्पण केले.

या घरातून रमाबाईंनी दोन वारसे घेतले. दार कोणालाही बंद करायचे नाही, हा एक. आणि उघड्या दाराच्या घरात आईच्या वाट्याला फक्त पहाट उरते, हा दुसरा. पहिला त्यांनी मनापासून उचलला. दुसरा त्यांच्या मुलीच्या वाट्याला आला.

*

त्या मुलीचे नाव मनोरमा. जन्म १६ एप्रिल १८८१. वडील बिपिनबिहारी मेधावी हे बंगाली वकील. ती वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा, १८८२ च्या फेब्रुवारीत, ते पटकीने गेले. तरुण विधवा रमाबाई मुलीला घेऊन पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज या गावी सेंट मेरी भगिनीसंघाच्या मठात त्या उतरल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

वाँटेज हे त्यांनी पाहिलेले पहिले ख्रिस्ती सहनिवासाचे घर. तेथे प्रार्थनेची, अभ्यासाची, जेवणाची वेळ ठरलेली. राहणाऱ्या साऱ्या जोगिणी, संसार कोणालाच नाही. अशा घरात एक लहान मूल आले की ते सगळ्यांचे होते. रमाबाई पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकायला व शिकवायला गेल्या, तेव्हा मनोरमा वाँटेजला जोगिणींपाशी राहिली. सिस्टर जेराल्डिन हिच्यावर मायलेकींचा एवढा जीव, की रमाबाई तिला पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. त्या पत्रव्यवहाराचे पुस्तक १९७७ साली प्रसिद्ध झाले. ते वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. धर्मतत्त्वांवरचे त्यांचे वाद मोठे विद्वत्ताप्रचुर आहेत, परंतु वाद खरा पेटतो तो मनोरमेच्या धर्मशिक्षणावरून. मुलीने काय मानावे, कोणत्या पंथाचे शिक्षण घ्यावे, हे जोगिणींनी ठरवायचे की आईने? रमाबाईंनी आईचा हक्क सोडला नाही. ज्यांनी आसरा दिला त्यांच्याशीही त्या या बाबतीत नमल्या नाहीत.

१८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. मनोरमा बरोबर होती, पण पुढे तिला परत वाँटेजला पाठवावे लागले. रमाबाई दोन वर्षे अमेरिकाभर हिंडल्या, व्याख्याने दिली आणि हिंदुस्थानातल्या बालविधवांना एक घर हवे म्हणून लोकांपुढे पदर पसरला. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि दहा वर्षे खर्च चालवण्याचे वचन मिळाले. दुसऱ्यांच्या मुलींसाठी घर मागत फिरणाऱ्या या आईची स्वतःची मुलगी तेवढा काळ परक्यांच्या घरी होती. रमाबाईंना हे कळत नसेल असे कोण म्हणेल? कळूनही त्यांनी ते केले.

*

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. सुरुवातीला मुली दोन. त्यांतली एक गोदूबाई जोशी नावाची विधवा. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला हलले आणि मुली वाढल्या. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मातब्बर माणसे. संस्थेचा नियम असा, की कोणाच्या धर्मात हात घालायचा नाही. मुलींना आपले सोवळेओवळे, पूजाअर्चा पाळायची पूर्ण मोकळीक.

आणि येथे गोष्ट अडली ती एका दाराशी.

रमाबाई स्वतः ख्रिस्ती. आपल्या खोलीत त्या रोज मनोरमेला जवळ घेऊन बायबल वाचीत व प्रार्थना करीत. सदनाचा नियम मुलींसाठी होता. स्वतःच्या मुलीला स्वतःच्या श्रद्धेने वाढवू नये, असा नियम त्यांच्यावर कोण घालणार? परंतु खोलीचे दार उघडे असे. येता-जाता मुली डोकावत, मग उंबऱ्याशी टेकत, मग आत येऊन बसत. त्यांना कोणी बोलावले नव्हते आणि कोणी हाकललेही नाही. ही वार्ता पुण्यात पसरली, ‘केसरी’ने झोड उठवली, आणि पालक अस्वस्थ झाले. सल्लागारांच्या दृष्टीने तोडगा सोपा होता, प्रार्थनेच्या वेळी दार लावून घ्यावे. रमाबाईंनी दार लावले नाही. १८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या.

या प्रकरणाचा निवाडा आजवर अनेकांनी दिला आहे. कोणी रमाबाईंना कपटी ठरवले, कोणी पुण्याला कर्मठ. मी शाळेत शिकवणारी बाई आहे. मला दोन्ही बाजूंच्या माणसांची अडचण खरी वाटते. पालकांचे पाहा. केशवपन केलेली बारा-चौदा वर्षांची मुलगी ते मोठ्या विश्वासाने परक्या छपराखाली ठेवीत होते. तिला जगात दुसरा थारा नाही. जी बाई तिला जेवू घालते, आजारपणात उशाशी बसते, अक्षर शिकवते, त्या बाईच्या खोलीत ती आपखुशीने गेली असे म्हणताना ‘आपखुशी’ या शब्दाला कितीसा अर्थ उरतो? रानडे-भांडारकरांसारखी माणसे उगाच बिथरणारी नव्हती.

आणि रमाबाईंचे पाहा. शाळेला घंटा असते. घंटा झाली की मास्तरीण आपल्या घरी जाते आणि तेथे आपल्या देवापुढे दिवा लावते. शाळा तटस्थ राहू शकते ती या घंटेमुळे. परंतु जेथे शाळा हेच घर, तेथे घंटा कोणती? सदनात रमाबाईंना मुलींनी आई मानावे अशीच तर अपेक्षा होती. आईने सगळे द्यावे, पण तिच्या मनातली सगळ्यांत मोलाची गोष्ट तेवढी दाराआड ठेवावी, हे घरात कसे चालणार? मुले आईचे ऐकतात त्याहून अधिक ती तिच्याकडे पाहत असतात. ती कोणापुढे डोळे मिटते, हे त्यांना न सांगता कळते. घराला तटस्थ राहता येत नाही, हे पुण्यातल्या त्या खोलीने दाखवून दिले.

या वादात एका व्यक्तीचे म्हणणे कोणीच विचारले नाही. आईशेजारी बसून प्रार्थना करणारी ती दहा-बारा वर्षांची मुलगी. आईबरोबरचा दिवसातला तो तिचा हक्काचा वेळ. त्या वेळीही दार उघडे, आणि उंबऱ्यावर दुसऱ्या मुली! रानात पहाटे लक्ष्मीबाईंनी रमेला जो वेळ दिला, तो निदान दोघींचा होता.

*

सदनातल्या पहिल्या दोघींपैकी गोदूबाई, तिची हकीकत येथेच सांगून टाकते. ११ मार्च १८९३ रोजी तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, आणि तो पुढे हिंगण्याच्या माळावर गेला. आपली शिल्लक आणि विम्याची पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. घरात बायको आहे, मुले आहेत, उद्या काही बरेवाईट झाले तर काय, हा विचार आनंदीबाईंनी करायचा. ‘बाया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बाईंनी ‘माझे पुराण’मध्ये आपला संसार उघड्यावर मांडला आहे. संस्था हिंदू असो की ख्रिस्ती, चुलीपाशी बसलेल्या बाईचा हिशेब सारखाच येतो, याची त्या पुस्तकाइतकी साक्ष दुसरी नाही.

अपवाद म्हणायचा तर एका पुस्तकाचा, आणि ते ख्रिस्ती घरातले आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षे नवराबायको वेगळी राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या आणि १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. नगरचे टिळकांचे घर म्हणजे धर्मशाळाच. विद्यार्थी, नवे ख्रिस्ती, जुने मित्र, अनाथ मुले, कवी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला त्र्यंबक ठोमरे नावाचा मुलगा टिळकांना आवडला, आणि पुढे तो या घरी येऊन राहिला. आपण त्याला बालकवी म्हणून ओळखतो. टिळकांच्या खिशात पैसा ठरत नसे, आणि दारी आलेल्या माणसाला घरात किती पीठ आहे हे न विचारता ते आत घेत.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे येशूचे सारे भक्त तेथे भाऊ-भाऊ म्हणून एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. कल्पना उदात्त खरीच. पण संन्यस्त झालेल्या गृहस्थाची गृहिणी काय होते? तिला ना गृहस्थाश्रमाचा पगार, ना संन्याशाची मोकळीक. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

टिकल्या त्या लक्ष्मीबाई. जेमतेम घरच्या घरी अक्षरओळख झालेल्या या बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ सालापासून तिचे भाग प्रसिद्ध झाले, आणि १९३६ साली त्या गेल्या. ते पुस्तक आपण हसत-हसत वाचतो आणि मिटताना गप्प होतो. नवऱ्याची थोरवी त्यांनी कोठे कमी केली नाही, आणि त्या थोरवीची किंमत कोणी मोजली हेही लपवले नाही. टिळकांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते, तेही पुरे केले लक्ष्मीबाईंनीच. घराचा इतिहास घरातल्या बाईने लिहिला की तो कसा दिसतो, हे मराठीला त्यांनी शिकवले. मनोरमाबाईंच्या नावावर असे पुस्तक नाही. म्हणून त्यांची गोष्ट कामांच्या नोंदींतून, तारखांतून जुळवावी लागते.

*

रमाबाईंनी पुण्याजवळ केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळबाग लावली होती. देणग्या आटल्या तरी सदन चालावे म्हणून. १८९६-९७ चा दुष्काळ मध्यप्रांतात पडला तेव्हा त्या तिकडे धावल्या. आपले आईबाप भुकेने कसे गेले हे त्यांनी पाहिले होते. उपाशी, रोगी, वाट चुकलेल्या मुली त्यांनी गाड्या भरभरून आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला, आणि त्या साऱ्या मुली केडगावच्या मोकळ्या रानात नेल्या. तेथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १८९८ साली असोसिएशनचे दहा वर्षांचे वचन संपले, तसा तटस्थतेचा नियमही संपला. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती घर झाले. दाराचा वाद आता राहिला नाही, कारण सगळे घरच त्या खोलीच्या आत आले होते.

या गोष्टीला आमच्या अचलपूरचाही एक धागा आहे. इंग्रजी कागदांत एलिचपूर म्हणून नोंदलेल्या या गावी १८७० नंतरच्या दशकात अल्बर्ट नॉर्टन नावाचे अमेरिकन मिशनरी कोरकू लोकांत काम करण्यासाठी आले होते. पुढे हेच नॉर्टन केडगावजवळच्या दौंडला गेले. दुष्काळात रमाबाई मुली आणीत होत्या, पण मुलांचे काय? ती दौंडला नॉर्टन यांच्याकडे वाढली. सापन-बिच्छन नद्यांच्या काठचा माणूस भीमेच्या काठी जाऊन पोरक्या मुलांचा बाप झाला.

१८९९-१९०० च्या दुष्काळानंतर मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार! या आकड्यापुढे ‘कुटुंब’ हा शब्दच थकतो. मग त्याचे भाग पडले: शारदा सदन, पतितांसाठी कृपा सदन, वृद्ध-अपंगांसाठी प्रीति सदन, आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन. शेती, दूधदुभते, विणकाम, तेलघाणा, छापखाना. मुली कामही शिकत आणि अक्षरही.

मनोरमा तेव्हा अमेरिकेत शिकत होती. १९०० साली दुष्काळाने पसारा वाढला आणि तिला शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. वय एकोणीस. त्यानंतरची एकवीस वर्षे मनोरमाबाईंनी मुक्तीत घालवली. शाळा त्यांनी चालवली, आंधळ्या मुलींना उठावाची अक्षरे बोटांनी वाचायला शिकवली, निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा उभारली. अर्धे टाकलेले शिक्षण मात्र त्या विसरल्या नाहीत. हजारोंचा पसारा सांभाळून त्यांनी अभ्यास केला आणि १९१७ साली, छत्तिसाव्या वर्षी, त्या बी.ए. झाल्या. मी या एका तारखेपाशी नेहमी थांबते. संस्थेला त्या पदवीची गरज होती हे खरेच. तरी मला वाटते, ती पदवी मनोरमाबाईंनी स्वतःसाठी घेतली असावी. इतक्या वर्षांत दार लावून केलेली ती त्यांची एकच गोष्ट.

आईने आपले दार उत्तरायुष्यात थोडेसे लावून घेतले होते, तेही कामासाठीच. सामान्य बाईला कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणायचे म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षे भाषांतर करीत राहिल्या. त्याचे खिळे जुळवले आणि पाने छापली ती मुक्तीच्या छापखान्यात, दुष्काळातून आलेल्या मुलींनी. कारभार मनोरमाबाईंकडे होता आणि पुढेही तो त्यांनीच बघायचा, हे गृहीत होते.

तसे झाले नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. वय अवघे चाळीस. रमाबाई त्यांच्यामागे नऊ महिनेही राहिल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. भाषांतर त्यांनी पुरे केले होते, आणि ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुक्ती आजही केडगावला आहे.

*

या कथेचा अर्थ काय लावायचा? असे घर मांडूच नये, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मध्यप्रांतातल्या रस्त्यावरून उचललेल्या मुलीला विचारले असते, की मनोरमेचे बालपण वाचावे म्हणून तुझ्यासाठी दार लावून घेऊ का, तर तिने काय उत्तर दिले असते? आणि मनोरमाबाईंना विचारले असते, तर त्यांनीही दार लावा असे म्हटले नसते असेच त्यांचे आयुष्य सांगते. त्या कामाला त्यांनी एकवीस वर्षे दिली, आणि ती कोणी जबरदस्तीने घेतल्याच्या खुणा कोठे दिसत नाहीत.

पण किंमत होती, आणि ती रमाबाईंनी एकटीने दिलेली नव्हती. अनंतशास्त्र्यांच्या उदारपणाची लक्ष्मीबाई डोंगरे यांनी दिली, कर्व्यांच्या त्यागाची आनंदीबाईंनी दिली, टिळकांच्या दरबाराची लक्ष्मीबाई टिळकांनी दिली, आणि रमाबाईंच्या उघड्या दाराची मनोरमेने. संस्थापकाचा पुतळा उभारताना आपण हे दुसरे नाव विसरतो. तो विसर संस्थापकाच्या थोरवीपोटी पडत नाही. स्वयंपाकघर हा इतिहासाचा भाग आहे, हेच आपल्याला अजून पुरते पटलेले नाही.

या दिवाळीत तुमच्या हाती एखाद्या संस्थेचा सुवर्णमहोत्सवी अंक पडेल. त्यात कोटटोपीतले चालक असतील, देणगीदारांची यादी असेल, इमारतीचा फोटो असेल. तो चाळताना एवढे करा. फोटोच्या कडेला, शेवटच्या रांगेत, अर्धवट दिसणारी एखादी बाई किंवा परकरातली एखादी मुलगी उभी असेल. खाली तिचे नाव छापले आहे का, तेवढे बघा.